माझा पंप, प्रॉसरचा फुगा

३ मे, मंगळवार
आजपासून रोजनिशी. कोणाला दाखवायची नाही, बायकोला, थेल्मालाही नाही. पण हा उन्हाळा साधा नाही, त्याची नोंद हवी.

काम असं. नॉर्फोकमधल्या या जुन्या, युद्धाच्या वेळच्या विमानतळावरून हेलियमचा एक मोठा फुगा एक किलोमीटर वर चढवायचा. त्याला लांबलचक नळी लटकलेली. जमिनीवरून माझा पंप त्या नळीतून पाणी वर ढकलणार आणि वर त्याचे तुषार उडणार. एवढं जमलं की मग वीस किलोमीटर. तिथे पाण्याऐवजी बारीक भुकटी सोडायची, म्हणजे ऊन थोडं मंद होईल आणि पृथ्वीला जरा गार वाटेल. ते पुढचं पुढे. माझा संबंध पाण्याशी.

पंप माझा. फुगा ग्विलिम प्रॉसरचा. फुगा म्हटलं की चिडतो. 'बलून' म्हणायचं. तीस वर्षं ओळखतो त्याला. वेल्समध्ये कोळशाच्या खाणींतलं पाणी बरोबर उपसलं आम्ही. तेव्हाही माझं ऐकत नसे.

संकल्प: वादात आवाज चढवायचा नाही. हा प्रकल्प यशस्वी होणार याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही.

९ मे, सोमवार
आवाज चढला. चूक माझी नव्हती.

प्रॉसर म्हणतो, तुझा पंप सलग दाब देत नाही, धक्के देतो. प्रत्येक धक्का नळीतून सापासारखा वर जाणार आणि कुठेतरी डसणार. खाली हवेची टाकी बसव, ती धक्के गिळेल. मी म्हटलं, माझा पंप धक्के देत नाही, ठोके देतो. तो म्हणाला, "बायकोला विचार, फरक काय ते." काहीच्या बाही.

नळीचंही तेच. तिच्यातल्या पाण्यासकट ती अख्खी फुग्याला लटकणार, म्हणून त्याला नळी बारीक हवी. बारीक नळीत पाणी घासतं, म्हणजे दाब वाढवा. दाब वाढवला की नळीची भिंत जाड करा. भिंत जाड केली की वजन वाढलं. हे रडगाणं वर्षभर चाललंय. शेवटी तो आपला खुर्चीत बसला आणि म्हणाला, "जाऊ दे, तुझंच खरं." यापूर्वी असं कधी म्हणाला नव्हता. अखेर पटलं त्याला.

१७ मे, मंगळवार
प्रॉसर आज पुन्हा गायब. दर मंगळवारी गायब. विचारलं तर म्हणतो, दाताच्या डॉक्टरकडे. त्याच्या तोंडात दात आहेत तरी किती?

शिवाय बारीक झालाय. पँट दोरीने बांधल्यासारखी दिसते. साठीला आलेला माणूस उगाच बारीक होत नाही. काहीतरी शिजतंय.

२४ मे, मंगळवार
उलगडा झाला. हॉलंडची एक कंपनी असलेच फुगे बनवण्याच्या मागे आहे. प्रॉसर तिकडे मुलाखती देतोय. पुरावे: दर मंगळवार. कमी झालेलं पोट. बिअर बंद, कँटीनमध्ये फक्त आल्याची बिस्किटं. बड्या कंपन्या वैद्यकीय तपासणी करतात हे सगळ्यांना माहीत आहे. आणि आता डोक्यावर लोकरीची टोपी, हँगरच्या आतसुद्धा, मे महिन्यात. या वयात फॅशन सुचते ती नोकरी बदलतानाच.

तीस वर्षांचा मित्र. असो. आजपासून कामापुरतंच बोलायचं. पंपाचे नकाशे कपाटात, किल्ली माझ्या खिशात.

६ जून, सोमवार
कामापुरतं बोलणं जमतंय. त्याच्या लक्षात आलं की नाही कळत नाही. व्हॅनमध्ये झोपलेला असतो.

थेल्माने आज त्याच्यासाठी सूपचा डबा दिला. मी म्हटलं, फितुरांना सूप कशाला? ती म्हणाली, "काय बडबडतोस रे, हम्फ्री? डबा दे आणि गप्प बस." डबा दिला. कामापुरतं बोलून.

दुसरी गोष्ट. थेल्माच्या चर्चमधल्या गाण्याच्या तालमी हल्ली मंगळवारी दिवसा असतात. आज गाडीत नॉर्विचच्या कार पार्कची पावती सापडली, मंगळवारचीच. क्षणभर नको ते मनात आलं. मग डोक्यात प्रकाश पडला. तेवीस तारखेला मला साठ पूर्ण होतात! बिचारी दर आठवड्याला नॉर्विचची दुकानं पालथी घालतेय. पावती होती तिथे ठेवून दिली. मोठं काहीतरी असणार. बहुधा दुर्बीण.

१४ जून, मंगळवार
गेले काही दिवस प्रॉसर आमच्या प्रमुख डॉ. स्लेटर यांना विंच, म्हणजे फुग्याच्या दोराचा रहाट, चालवायला शिकवतोय. गाठी कशा मारायच्या, वारा फिरला की दोर किती सोडायचा, सगळं. म्हणजे निघायची तयारी. आज तो नाही हे पाहून मी त्यांच्या खोलीत गेलो आणि हॉलंडचं सगळं सांगून टाकलं.

बाईंनी चष्मा काढला. खूप वेळ पुसत बसल्या. म्हणाल्या, "मिस्टर कॅचपोल, तुम्ही हे त्यांना विचारलंत का?"

मी म्हटलं, गुप्तहेराला कोणी विचारत नाही.

"तुम्ही विचारावं," त्या म्हणाल्या. "लवकर विचारावं."

हुशार आहेत, पण वय लहान. या धंद्यात काय काय चालतं याची कल्पना नाही.

२३ जून, गुरुवार
वाढदिवस. थेल्माकडून मोजे. दुर्बीण दुकानात शिल्लक नसावी.

संध्याकाळी प्रॉसर केक खायला आला. थेल्माने बोलावलेलं, मी नव्हे. केक खाल्ला नाही, नुसता उकरला. पण पेला उचलून भाषण केलं: "मी सांगितलं म्हणून पाणी वर चढतं, असं मानणारा जगात एकच माणूस आहे. त्याच्या नावाने!" सगळे हसले. मीही हसलो. कामापुरतं.

जाताना फाटकापाशी थेल्मा त्याचा हात धरून बराच वेळ उभी होती. वेल्श माणसांना निरोप आटोपता येत नाही.

८ जुलै, शुक्रवार
चाचणी एकोणीस तारखेला. एक किलोमीटर वर पाणी न्यायचं तर खाली शंभर वातावरणांएवढा, म्हणजे साध्या हवेच्या शंभरपट दाब लागतो. फुगा चढवायच्या आधी तेवढा दाब नळीला सोसतो का ते बघायचं. म्हणून नळी धावपट्टीवर पसरायची, एक टोक क्रेनला उभं टांगायचं, तोंडाशी व्हॉल्व्ह आवळायचा आणि पंप सोडायचा.

हवेची टाकी बसवलेली नाही. गरज नाही. वर्तमानपत्रवाल्यांसाठी निवेदन लिहून ठेवलं: 'एक थेंबही गळला नाही.' भूतकाळात लिहिलं, म्हणजे नंतर बदलायला नको.

१९ जुलै, मंगळवार
मंगळवार असूनही प्रॉसर आला. चाचणी चुकवणार नाही म्हणाला. टोपी, जाड कोट, व्हॅनच्या पायरीवर बसून.

पंप सुरू केला. साठपर्यंत झकास. ऐंशीला नळी धावपट्टीवर जराशी वळवळली. प्रॉसर उठून उभा राहिला. म्हणाला, "बंद कर, हम्फ्री." मी म्हटलं, ठोके आहेत. नव्वदला अख्खी नळी जमिनीवरून उसळली आणि तिचे तुकडे जोडणारं मधलं कपलिंग सुटलं. पाण्याचा फवारा आडवा सुटला. सुदैवाने अंगावर सरळ आला नाही, आधी क्रेनवर आपटला. तिथून उडालेलं पाणी प्रॉसरला लागलं आणि त्याची टोपी उडाली.

डोक्यावर एक केस नाही. भुवयासुद्धा नाहीत.

पंप चालूच होता, कारण मी वर क्रेनकडे बघत होतो. शेवटी तशाच ओल्या अंगाने प्रॉसर चालत गेला आणि त्याने बटण दाबलं. मग म्हणाला, "डोकं धुवायचं होतं तर सांगायचंस ना लेका. साबण आणला असता." कोणी हसलं नाही. डॉ. स्लेटरनी स्वतःचा कोट काढून त्याच्या खांद्यावर घातला. जुलैमध्ये कुडकुडत होता.

निष्कर्ष: कपलिंग स्वस्तातलं होतं. पंप निर्दोष.

प्रॉसरने डोकं भादरलंय. तिकडे हॉलंडमध्ये तशी पद्धत असेल. भुवयांचं कळलं नाही.

२० जुलै, बुधवार
सकाळी थेल्मा म्हणाली, "हम्फ्री, खाली बस."

प्रॉसरला पोटाचा कॅन्सर. पसरलाय. फेब्रुवारीपासून. दर मंगळवारी नॉर्विचच्या हॉस्पिटलात औषध चढवतात, आणि गाडीने थेल्मा नेते. डॉ. स्लेटरना माहीत. हँगरमध्ये सगळ्यांना माहीत. कँटीनच्या बाईलासुद्धा.

मी विचारलं, मलाच का नाही सांगितलं? जरा ओरडूनच विचारलं.

थेल्मा म्हणाली, "त्यानेच सांगू दिलं नाही. म्हणाला, हम्फ्रीला कळलं तर तो मला दुरुस्त करायला निघेल."

मी म्हटलं, नॉर्विचच्या डॉक्टरांना काय कळतं, लंडनला एकाहून एक तज्ज्ञ आहेत, मी आजच फोन करतो.

"बघ," ती म्हणाली. आणि चहाची भांडी उचलून आत गेली.

२३ जुलै, शनिवार
लंडनच्या तिघांना फोन केले. दोघं सुट्टीवर. तिसऱ्याच्या सेक्रेटरीने विचारलं, मी पेशंटचा कोण? मी म्हटलं, पंपवाला. मग तो विषय तिथेच राहिला.

थेल्माला घेऊन प्रॉसरकडे गेलो. मागच्या बागेत, त्याच्या शेंगांच्या वेलांमध्ये आरामखुर्ची टाकून पडला होता. पहिलं वाक्य त्याचं: "ये. मी हॉलंडला कधी निघतोय?"

स्लेटरबाईंनी सांगितलं की काय?

"त्या कशाला सांगतील! तूच फोनवर तुझ्या भावाला सांगत होतास. हँगरमध्ये. पत्र्याचा हँगर आहे, हम्फ्री, तिथे शिंक आली तरी गावाला कळतं." मग म्हणाला, "अरे, मला बोट लागते. मी हॉलंडला जाणार कसा?"

आणि हसला. मला माफी मागायचीच होती. शब्द तयार होते. पण तेवढ्यात थेल्माने चहा आणला.

१२ ऑगस्ट, शुक्रवार
पंपाला हवेची टाकी बसवली. माझ्या मनात ती पहिल्यापासून होतीच, फक्त योग्य वेळेची वाट बघत होतो. कपलिंग नवीन.

आज पुन्हा पूर्ण दाब दिला. नळी धावपट्टीवर जेवलेल्या कुत्र्यासारखी पडून राहिली. शंभर, एकशे दहा, हलली नाही. दुपारी प्रॉसरला फोन केला.

"साप?" त्याने विचारलं.

"मेला."

मग म्हणाला, "शाब्बास. तुझी टाकी चांगली आहे."

तुझी म्हणाला. मी दुरुस्त केलं नाही. फोनवर गोंधळ होतो.

फुगा चढवायची तारीख ऑक्टोबरमधली. डॉक्टर प्रॉसरला सांगतात, पानगळीपर्यंत, म्हणजे फार तर नोव्हेंबरपर्यंत. पण मला या लोकांची रीत माहीत आहे. आपण नळीचा दाब सांगताना सोसेल त्याच्या निम्माच सांगतो, सुरक्षिततेसाठी. डॉक्टरही तसंच हातचं राखून सांगत असणार. म्हणजे खरा आकडा दुप्पट. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत काही काळजी नाही. थेल्माला हा हिशोब समजावून सांगितला. ती उठून बाहेर कपडे वाळत घालायला गेली. पाऊस पडत होता.

३० ऑगस्ट, मंगळवार
आज मीच त्याला नॉर्विचला नेलं. त्याला उलटी येत होती, वाटेत तीनदा गाडी थांबवायला लागली. मी दर वेळी इंजिन तपासल्यासारखं केलं, म्हणजे त्याला संकोच नको. तिसऱ्यांदा म्हणाला, "इंजिन बरं आहे ना रे?" मी म्हटलं, थोडं तापतंय.

हॉस्पिटलात त्याच्या हाताला नळी लावतात आणि वरच्या पिशवीतून औषध थेंब थेंब उतरतं. तिथे पंप आहे, छोटासा. त्याचा आवाज मला बरोबर वाटला नाही. नर्सला तसं सांगितलं. ती म्हणाली, "आजोबा, तुम्ही बाहेर बसता का?" प्रॉसर एवढा हसला की त्याची सुई निसटली.

२६ सप्टेंबर, सोमवार
डॉ. स्लेटरनी सगळ्यांना हँगरमध्ये बोलावलं. उड्डाण पुढे ढकललं. सहा महिने. जगभरातून पत्रं आली आहेत. आभाळात कोणी ढवळाढवळ करू नये, असं लोकांचं म्हणणं. आधी लोकांशी बोला, मग नळी लावा, असा वरून हुकूम.

मी म्हटलं, पण हे नुसतं पाणी आहे! दोन बाथटब भरतील एवढं पाणी! वर न्यायचं आणि शिंपडायचं. नॉर्फोकमध्ये रोज होतं ते!

"प्रश्न पाण्याचा नाही, मिस्टर कॅचपोल. पाण्यानंतर काय, हा आहे." त्यांचा आवाज शांत होता. कदाचित त्यांचंही बरोबर असेल. मला तेव्हा तसं वाटलं नाही. मी म्हटलं, सहा महिने म्हणजे किती, हे तुम्हाला माहीत आहे ना? त्या म्हणाल्या, "माहीत आहे. मी तेही वरच्यांना लिहिलं होतं." आणि तोंड फिरवलं.

मी वाईट बोललो. पंपाच्या खोलीत जाऊन बसलो. कोणीतरी दारापाशी चहा ठेवून गेलं, बघितलं नाही कोण.

प्रॉसरला सांगायला मीच गेलो, थेल्माला घेऊन. ऐकून म्हणाला, "एप्रिलमध्ये? नाही जमणार बाबा. मला तेव्हा दुसरीकडे जायचंय."

मी म्हटलं, तारीख बदलून घेऊ. थेल्माने माझा दंड धरून मला बाहेर काढलं.

८ ऑक्टोबर, शनिवार
अखेर उपाय सापडला. परवानगी मोठ्या फुग्याला नाही. पण सरावासाठी आमच्याकडे एक लहान फुगा आहे. तो हँगरच्या छपराइतका चढवायला कोणाला विचारावं लागत नाही. त्याला घरातली बागेची नळी बांधायची. पंप म्हणून सफरचंदांवर औषध मारायचा थेल्माचा हातपंप. तत्त्व तेच. प्रॉसरच्या डोळ्यांसमोर पाणी फुग्यापर्यंत चढवून दाखवायचं.

थेल्माने त्याला गाडीने आणलं. चाकांच्या खुर्चीत, तीन कांबळ्यांत. आता फार लहान दिसतो. शनिवार असूनही डॉ. स्लेटर आल्या होत्या. विंचपाशी त्या.

फुगा सुरेख चढला. नळी मागोमाग. वारा नाही, धुकं विरलेलं, बीटच्या शेतांवर बदकं. मी हातपंप मारायला लागलो.

पाणी चढायला लागलं. आणि फुगा उतरायला लागला.

रिकाम्या नळीचं वजन मी धरलं होतं. पाण्याचं राहिलं. हेलियम जुना होता, ते मुख्य कारण. मी जेवढा जोर लावीन तेवढा फुगा खाली. थेल्मा म्हणाली, "हम्फ्री, थांब!" पण मी कशाला थांबतोय. पाणी वर चाललेलं, फुगा खाली येतोय, आणि शेवटी दोघांची गाठ पडली ती बरोबर प्रॉसरच्या खुर्चीच्या उंचीवर. नळीचं तोंड त्याच्या मांडीवर आलं आणि कांबळ्यावर पाण्याची चूळ टाकली.

प्रॉसर हसायला लागला. हसताना खोकला, खोकताना हसला. थेल्मा रागाने माझ्याकडे बघत होती, मग तीही हसली. स्लेटरबाई विंचला टेकून खाली बसल्या.

"तीस वर्षं," प्रॉसर म्हणाला. "तीस वर्षं मी या माणसाला सांगतोय, पाण्याला वजन असतं!"

मी म्हटलं, पुन्हा करतो, हेलियम वाढवतो, दहा मिनिटं दे. तो म्हणाला, नको. स्लेटरबाईंना म्हणाला, "नळी सोडा. नुसताच चढवा."

नळी सोडली. फुगा गेला वर, छपराच्याही जरा वर. नियमापेक्षा अधिक. बाईंनी दोर थांबवला नाही. प्रॉसर मान मागे टाकून बघत राहिला. मी त्याच्या शेजारी उभा होतो, हातात हातपंप. म्हटलं, पाणी वर पोचायला हवं होतं रे.

"मी बलून बघायला आलो होतो," तो म्हणाला. "पाण्याचं तुझं तू बघ."

३ नोव्हेंबर, गुरुवार
आता तो अंथरुणातच. मी रोज दुपारी जातो. आज विचारलं, "वीस किलोमीटरचं कसं करशील, सांग." म्हटलं, खाली दोन हजार वातावरणांहून जास्त दाब लागेल. "असा पंप आहे का?" नाही, पण होईल. "नळी?" नाही, पण होईल. "बलून?" तो तुझा प्रश्न. "बरं," तो म्हणाला, "माझंही होईल."

मग मी सगळं तपशिलात सांगायला घेतलं. वरच्या थंडीत पाणी गोठू नये म्हणून काय, सोसाट्याचा वारा जिथे असतो त्या थरातून नळी कशी न्यायची, वीज पडली तर काय. मध्येच नर्स आली. म्हणाली, ते झोपलेत. मी म्हटलं, तो डोळे मिटूनच ऐकतो. ती गेल्यावर हॉलंडबद्दल बोललो. जे बोलायचं होतं ते सगळं, जुलैपासून तयार असलेलं. त्याने डोळे उघडले नाहीत. ऐकलं असणार.

उद्या वजनाचा हिशोब घेऊन जायचं.

५ नोव्हेंबर, शनिवार
हिशोबाची गरज पडली नाही.

११ नोव्हेंबर, शुक्रवार
वेल्स, प्रॉसरचा अंत्यविधी. दरीतलं छोटं प्रार्थनाघर, माणसं दाटीवाटीने उभी. गाताना भिंती हलतील असं गातात ही माणसं. थेल्मा त्यांच्या भाषेतलं एक अक्षर न कळता बरोबर गात होती. मी घसा बसल्यामुळे गायलो नाही.

नंतर एकटाच चालत खाणीच्या तोंडाशी गेलो. आम्ही दोघांनी उपसून कोरडी केलेली खाण. तिथे आता जाळी लावली आहे. एक म्हातारा कुत्रा फिरवत होता. त्याला विचारलं, खाली काय आहे? म्हणाला, "पाणी. खाण बंद झाली, पंप काढून नेले, तेव्हापासून पाणीच." काठोकाठ भरलंय म्हणे. कोणीही न ढकलता इतकं वर आलं.

भाषण करायला मला सांगितलं होतं. मी हवेच्या टाकीबद्दल बोललो. ती कोणाची कल्पना होती ते सांगितलं. लोकांना विशेष कळलं नाही, पण माना हलवल्या.

१६ मे, बुधवार
बऱ्याच महिन्यांनी लिहितोय. काम फार होतं.

प्रकल्प आज रीतसर रद्द झाला. एप्रिल आला आणि गेला, लोकांशी बोलणी चालूच राहिली, मग वरच्यांनीच गुंडाळलं. डॉ. स्लेटर दुसऱ्या शहरात गेल्या. मोठा फुगा कुठल्याशा जाहिरातवाल्यांनी नेला. पंप लिलावात गेला. मी त्या दिवशी मुद्दामच गेलो नाही. सर्दी होती.

आज तो विकत घेणाऱ्या लार्टर नावाच्या गृहस्थांचा फोन आला. इथून जवळच त्यांचं डुकरांचं फार्म आहे. पंप चालतो पण अंगावर येतो, म्हणाले. येऊन बघाल का साहेब? थेल्मा म्हणाली, "जा. घरात बसून माझ्या चहाच्या किटलीला दुरुस्त करण्यापेक्षा बरं."

गेलो. माझा पंप पत्र्याच्या शेडखाली, डुकरांच्या शेणमुताच्या टाकीला जोडलेला. तिथून तो सगळा ऐवज शेतावर ढकलतो. सपाट जमिनीवर. चढ म्हणाल तर मधल्या बांधाएवढा, गुडघाभर.

लार्टर म्हणाले, "फारच दणकट आहे हो. पूर्ण सोडला की पलीकडच्या शेतात जातंय. शेजारी भांडायला येतो. कशासाठी बनवला होता हा?"

मी सांगायला तोंड उघडलं. आभाळ, वीस किलोमीटर, ऊन. मग म्हटलं, पाण्यासाठी.

"मग बरोबर," ते म्हणाले.

व्हॉल्व्ह निम्म्याहून खाली आणला. ती हवेची गोल टाकी अजून पंपाला आहे. त्यांच्या माणसाने ती काढून टाकायला घेतली होती, जागा अडवते म्हणून. मी त्याला म्हटलं, हात लावू नकोस. जरा जोरातच म्हटलं. मग शांतपणे समजावलं, ती प्रॉसरची टाकी आहे, ती असली की नळी उसळत नाही. तो म्हणाला, प्रॉसर म्हणजे कंपनी का? मी म्हटलं, हो.

पंप सुरू केला. नळी चिखलात गप्प पडून राहिली, पलीकडे शेतात काळी धार एकसारखी पडू लागली. फार चांगला चालत होता. एवढा चांगला चालताना मी त्याला कधी पाहिला नव्हता. तिथे उभा राहून बराच वेळ बघत होतो. डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते अमोनियामुळे. अशा ठिकाणी ते येणारच, त्या वायूचा तो गुणधर्मच आहे.

लार्टर शेजारीच उभे होते. त्यांच्या डोळ्यांतून काही आलं नाही. त्यांना सवय असणार.